जॉन वॉल्टर ग्रेगरी

जॉन वॉल्टर ग्रेगरी (जन्म : लंडन, २७ जानेवारी १८६४; मृत्यू : उरुबांबा नदी, पेरू, २ जून १९३२) हे ब्रिटिश भूशास्त्रज्ञ, जीवाश्मतज्ज्ञ, प्रवासी आणि लेखक होते. पूर्व आफ्रिकेतील प्रचंड खचदरीचा त्यांनी १८९३ मध्ये पायी प्रवास करून अभ्यास केला. ही दरी नद्यांनी कोरलेली नसून दोन समांतर प्रस्तरभंगांच्या मधला जमिनीचा पट्टा खाली खचल्याने तयार झाली आहे, हे त्यांनी प्रत्यक्ष खडकांच्या पुराव्याने दाखवून दिले. अशा भूरूपासाठी इंग्रजीत आज सर्वत्र वापरली जाणारी 'रिफ्ट व्हॅली' ही संज्ञा त्यांनीच रूढ केली. मराठी शालेय पुस्तकांतील 'खचदरी' हा शब्द याच संकल्पनेसाठी वापरला जातो.

केनियातून टांझानियात जाणाऱ्या खचदरीच्या पूर्व शाखेला त्यांच्या नावावरून 'ग्रेगरी रिफ्ट' म्हणतात. ज्वालामुखी, उष्ण झरे आणि सोड्याची सरोवरे यांनी भरलेला हा प्रदेश भूशास्त्राच्या अभ्यासात आदर्श उदाहरण मानला जातो. खंडे एकमेकांपासून दूर सरकतात हे मत मात्र ग्रेगरी यांनी अखेरपर्यंत स्वीकारले नाही. पुढे त्यांनीच नाव दिलेली दरी या मताच्या महत्त्वाच्या पुराव्यांपैकी एक ठरली.

बालपण आणि शिक्षण

ग्रेगरी यांचा जन्म पूर्व लंडनमधील बो या भागात झाला. त्यांचे वडील लोकरीचे व्यापारी होते. स्टेपनी ग्रामर स्कूलमध्ये शिकत असताना वयाच्या पंधराव्या वर्षी त्यांनी शाळा सोडली व लोकरीच्या व्यापारात कारकुनाची नोकरी धरली. दिवसभर नोकरी करून संध्याकाळी ते बर्कबेक संस्थेच्या वर्गांना जात. कामकरी माणसांना उच्च शिक्षण घेता यावे म्हणून चालवलेल्या या वर्गांतच त्यांना भूशास्त्राची गोडी लागली.

१८८७ मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या निसर्गविज्ञान विभागात भूशास्त्राचे साहाय्यक म्हणून त्यांची नेमणूक झाली. पदवी नसतानाही मिळालेली ही जागा त्यांच्या आयुष्याला वळण देणारी ठरली. नोकरी सांभाळून त्यांनी १८९१ मध्ये लंडन विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी प्रथम वर्गात मिळवली आणि १८९३ मध्ये डी.एस्सी. पदवी संपादन केली. १८९१ मध्ये त्यांनी अमेरिकेतील रॉकी पर्वत आणि ग्रेट बेसिन हा प्रदेशही पाहिला. प्रस्तरभंगांनी तुटलेले डोंगर आणि त्यांच्यामधली, पाण्याला बाहेर वाट नसलेली खारट खोरी असे ग्रेट बेसिनचे स्वरूप आहे.

१८९५ मध्ये त्यांचा विवाह ऑड्री चॅप्लिन यांच्याशी झाला. त्यांना एक मुलगा व एक मुलगी होती.

संग्रहालयातील संशोधन आणि कच्छचे जीवाश्म

संग्रहालयात ग्रेगरी यांच्याकडे प्रामुख्याने अपृष्ठवंशी प्राण्यांच्या जीवाश्मांचे काम होते. ब्रायोझोआ या सूक्ष्म सागरी प्राण्यांच्या जुरासिक आणि क्रिटेशस काळातील जीवाश्मांच्या सूची त्यांनी तयार केल्या. प्रवाळ आणि सागरी साळू यांचे जीवाश्म हाही त्यांच्या अभ्यासाचा विषय होता.

याच काळात त्यांचा भारताशी पहिला शास्त्रीय संबंध आला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या 'पॅलिऑन्टॉलॉजिया इंडिका' या मालेसाठी त्यांनी कच्छमधील जुरासिक खडकांत सापडलेल्या जीवाश्मांचे वर्णन केले. साळूंवरील भाग १८९३ मध्ये आणि प्रवाळांवरील मोठा भाग १९०० मध्ये प्रसिद्ध झाला. कच्छच्या जुरासिक जीवाश्मांचे अभ्यासक आजही या कामाचा संदर्भ देतात. ज्या खोऱ्यात हे प्रवाळ गाडले गेले, ते कच्छचे खोरेही गोंडवन भूखंड फुटताना तयार झालेले खचखोरे आहे, हे भूशास्त्रज्ञांच्या ध्यानात आले ते बऱ्याच नंतर.

पूर्व आफ्रिकेचा प्रवास (१८९२–९३)

पूर्व आफ्रिकेतील दरीची माहिती युरोपला ग्रेगरी यांच्या आधीच झाली होती. स्कॉटिश प्रवासी जोसेफ थॉमसन १८८३ मध्ये मासाई प्रदेश ओलांडून गेले होते. हंगेरियन सरदार टेलेकी आणि त्यांचे सहकारी फोन ह्योनेल १८८८ मध्ये उत्तरेकडील तुर्काना सरोवरापर्यंत पोचले होते. ह्योनेल यांच्या नोंदींवरून व्हिएन्नाचे भूशास्त्रज्ञ एडुआर्ट झ्यूस यांनी १८९१ मध्ये एक धाडसी अनुमान मांडले. सीरिया-लेबनॉनपासून मृत समुद्र, तांबडा समुद्र, इथिओपिया या मार्गाने थेट दक्षिणेकडील न्यासा सरोवरापर्यंत भूकवचातील भेगांची एकच साखळी पसरली आहे, असे त्यांचे म्हणणे होते. झ्यूस स्वतः त्या भागात कधीच गेले नव्हते. अनुमान खरे की खोटे हे ठरवण्यासाठी कोणीतरी भूशास्त्रज्ञाने तेथे जाऊन खडक पाहणे आवश्यक होते.

१८९२ च्या अखेरीस ग्रेगरी संग्रहालयातून रजा घेऊन आफ्रिकेला निघालेल्या एका मोठ्या मोहिमेत सामील झाले. किनाऱ्यापासून फार दूर न जाताच आजारपण आणि गैरव्यवस्था यांमुळे ती मोहीम मोडली. बरोबरचे लोक परतले, तरी ग्रेगरी परतले नाहीत. हाताशी असलेल्या थोड्या पैशांत त्यांनी मोम्बासा येथे सुमारे चाळीस हमालांचा छोटा तांडा उभा केला आणि मार्च १८९३ मध्ये एकट्याच्या जबाबदारीवर अंतर्भागाकडे कूच केले. त्या वेळी त्यांचे वय २९ वर्षांचे होते.

तो काळ मासाई लोकांच्या दृष्टीने अतिशय कठीण होता. १८९० नंतर गुरांवर आलेल्या बुळकांडीच्या साथीने त्यांचे कळप नष्ट झाले होते आणि मागोमाग दुष्काळ व देवीची साथ आली होती. अशा प्रदेशातून जाणाऱ्या लहान तांड्याला अन्न मिळवणे हेच रोजचे मोठे काम होते. प्रवास पार पडला तो ओझी वाहणाऱ्या आणि वाटा ठाऊक असणाऱ्या आफ्रिकी सहकाऱ्यांच्या बळावर. शास्त्रीय ग्रंथांच्या मुखपृष्ठावर त्यांची नावे आली नाहीत. मात्र त्यांच्याविना एकही नमुना लंडनला पोचला नसता.

किकुयू प्रदेशाच्या कड्यावरून उतरून ग्रेगरी दरीच्या तळाशी आले. नैवाशा सरोवरावरून उत्तरेकडे जात ते बारिंगो सरोवरापर्यंत पोचले. तेथून पूर्वेकडे वळून लायकिपियाचे पठार पार करत त्यांनी माउंट केनिया गाठले. या पर्वतावरील हिमनद्यांपर्यंत पोचणारे ते पहिले शास्त्रज्ञ होत. माउंट केनिया हा झिजून उरलेला जुना ज्वालामुखी आहे आणि एके काळी त्याच्या हिमनद्या आजच्यापेक्षा कितीतरी खालपर्यंत पसरल्या होत्या, हे त्यांनी दाखवले. शिखर त्यांना गाठता आले नाही. ते १८९९ मध्ये हॅलफर्ड मॅकिंडर यांनी सर केले. सुमारे पाच महिन्यांनी, ऑगस्ट १८९३ मध्ये, तांडा किनाऱ्यावर परतला.

खचदरीची संकल्पना

सामान्यतः दरी म्हटली की नदीने कोरलेली, उतारानुसार वळणे घेत जाणारी खोलगट जागा डोळ्यांपुढे येते. केनियातील दरी तशी नाही. ती सुमारे ५० ते ८० किमी रुंद असून तिच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ समांतर, उभे कडे आहेत. तिचा तळ सर्वत्र एका दिशेने उतरत नाही. नैवाशाजवळ तो समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० मी. उंच आहे. दक्षिणेस मगाडीकडे तो ६०० मीटरपर्यंत आणि उत्तरेस तुर्कानाकडे ४०० मीटरपेक्षाही खाली उतरतो. सबंध दरीतून वाहणारी एकही नदी नाही. जी दरी कोणत्याही नदीची नाही, ती नदीने कोरली असे म्हणता येत नाही.

ग्रेगरी यांनी दोन्ही कड्यांवरील आणि तळावरील खडकांचे थर ताडून पाहिले. काठावर उंचावर असलेले लाव्हाचे थर तळाकडे येताना पायऱ्यापायऱ्यांनी खाली गेलेले दिसत होते. मधला भाग वाहून गेला असता तर ते थर तेथे मिळाले नसते; ते मिळत होते, पण खालच्या पातळीवर. यावरून मधला पट्टा खचला, हा निष्कर्ष निघाला. कमानीच्या माथ्यावरचा मधला दगड बाजूंचा आधार सुटताच खाली सरकावा, तशी ही क्रिया असावी असे त्यांचे स्पष्टीकरण होते. प्रथम भूकवच वर फुगले, माथ्यावर ताण पडून ते फाटले आणि फाटलेल्या कडांमधला भाग खाली बसला.

जर्मन भाषेत अशा खचलेल्या पट्ट्याला 'ग्राबेन' हा शब्द होता. ग्रेगरी यांनी १८९४ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीच्या नियतकालिकात आपले निष्कर्ष मांडले आणि समांतर प्रस्तरभंगांमध्ये खचलेल्या लांबट दरीसाठी 'रिफ्ट व्हॅली' ही संज्ञा वापरली. १८९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द ग्रेट रिफ्ट व्हॅली' या प्रवासग्रंथामुळे ती सर्वपरिचित झाली.

दरीच्या तळावरील सरोवरे पूर्वी आजच्यापेक्षा मोठी होती, हेही त्यांना आढळले. बारिंगोजवळच्या कामासिया, म्हणजे आजच्या टुगेन, टेकड्यांमध्ये त्यांनी जुन्या सरोवरांत साचलेल्या गाळाचे थर पाहिले. प्रस्तरभंगांनी हे थर तिरपे केले होते. म्हणजे दरी एकदाच खचून थांबली नाही. सरोवरे भरत असताना आणि ज्वालामुखी जागे असतानाही खचणे चालूच होते. याच टेकड्यांत २००० मध्ये सुमारे ६० लाख वर्षांपूर्वीच्या 'ओरोरिन' या मानवसदृश प्राण्याचे अवशेष सापडले. खचणाऱ्या जमिनीवर गाळ साचतो, ज्वालामुखीची राख त्याला झाकते आणि नंतरचे प्रस्तरभंग तो पुन्हा उघडा करतात. मानवाच्या पूर्वजांचे इतके अवशेष या दरीत मिळण्याचे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

ऑस्ट्रेलिया आणि एअर सरोवर

१८९६ मध्ये मार्टिन कॉनवे यांच्या मोहिमेबरोबर ग्रेगरी यांनी आर्क्टिकमधील स्पिट्सबर्गेन बेट ओलांडले. १९०० मध्ये ते मेलबर्न विद्यापीठात भूशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९०१ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. रॉबर्ट स्कॉट यांच्या 'डिस्कव्हरी' या अंटार्क्टिक मोहिमेचे शास्त्रीय प्रमुख म्हणूनही त्यांची निवड झाली होती. तथापि, शास्त्रीय कामाचा निर्णय नौदलाच्या अधिकाऱ्याच्या हाती राहणार असे दिसताच त्यांनी १९०१ मध्ये त्या पदाचा राजीनामा दिला.

१९०१–०२ च्या उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन उंटांच्या तांड्यासह ते मध्य ऑस्ट्रेलियातील एअर सरोवराच्या खोऱ्यात गेले. हे सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे १५ मी. खाली असून बहुतेक काळ कोरडे, मिठाच्या पापुद्र्याने झाकलेले असते. तेथील मूळ रहिवाशांच्या कथांमध्ये 'कडिमाकारा' नावाच्या प्रचंड प्राण्यांचा उल्लेख येतो. या कथांमागे नामशेष झालेल्या महाकाय शिशुधान प्राण्यांची स्मृती आहे काय, हे जीवाश्म शोधून तपासण्याचा त्यांचा हेतू होता. या प्रवासावरील त्यांच्या 'द डेड हार्ट ऑफ ऑस्ट्रेलिया' (१९०६) या ग्रंथाच्या नावावरून त्या वाळवंटाला 'मृत हृदय' म्हणण्याची प्रथा पडली.

ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील आर्टेशियन विहिरींच्या पाण्याबद्दल त्यांनी मांडलेले मत मात्र चुकीचे ठरले. या पाण्याचा मोठा हिस्सा पृथ्वीच्या पोटातील तप्त खडकांतून आलेला आहे, असे ते मानत. हे पाणी मुख्यतः दूरच्या उंच प्रदेशांत मुरलेल्या पावसाचेच आहे, हे पुढे सिद्ध झाले.

ग्लासगो येथील कारकीर्द

१९०४ मध्ये ग्रेगरी स्कॉटलंडमधील ग्लासगो विद्यापीठात भूशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १९२९ मध्ये निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले. उत्तम वक्ते आणि विद्यार्थिप्रिय शिक्षक अशी त्यांची ख्याती होती. संध्याकाळच्या वर्गांतून घडलेल्या या प्राध्यापकाने सामान्य वाचकांसाठीही भूगोल आणि भूशास्त्रावर सोपी पुस्तके लिहिली.

या काळातही त्यांचे प्रवास थांबले नाहीत. ज्यू लोकांच्या वसाहतीसाठी जागा शोधणाऱ्या एका संघटनेच्या वतीने त्यांनी १९०८ मध्ये आजच्या लिबियातील सायरेनेका आणि १९१२ मध्ये अंगोला या प्रदेशांची पाहणी केली. सायरेनेकात मोठ्या वसाहतीला पुरेल इतके पाणी नाही, असा स्पष्ट अहवाल देण्यास ते कचरले नाहीत. १९२२ मध्ये मुलाला बरोबर घेऊन त्यांनी चीनच्या युनान प्रांतातून तिबेटच्या सीमेवरील पर्वतरांगांचा प्रवास केला.

भारतातील कार्य

१९१७ मध्ये ब्रिटिश सरकारने कलकत्ता विद्यापीठाच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी मायकेल सॅडलर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. ग्रेगरी या आयोगाचे सदस्य होते. आशुतोष मुखर्जी आणि झियाउद्दीन अहमद हे त्यातील भारतीय सदस्य होते. १९१९ मध्ये सादर झालेल्या तेरा खंडांच्या अहवालाचा परिणाम बंगालपुरता मर्यादित राहिला नाही. इंटरमिजिएटचे शिक्षण विद्यापीठापासून वेगळे करावे, पदवीचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा असावा आणि ढाका येथे निवासी विद्यापीठ स्थापन करावे, अशा शिफारशी त्यात होत्या. ढाका विद्यापीठ १९२१ मध्ये सुरू झाले. पदवीच्या अभ्यासक्रमाची मुदत आणि माध्यमिक शिक्षणाची रचना यांवर भारतात पुढे झालेल्या चर्चेत या अहवालाचा आधार वारंवार घेतला गेला.

दुसरा आफ्रिका प्रवास आणि मगाडीचे खोरे

आयोगाचे काम संपले त्याच वर्षी, १९१९ मध्ये, ग्रेगरी पुन्हा पूर्व आफ्रिकेत गेले. २६ वर्षांपूर्वी पायी तुडवलेल्या दरीतून आता रेल्वे जात होती आणि तिचा एक फाटा दक्षिणेकडील मगाडी सरोवरापर्यंत पोचला होता.

मगाडी हे ग्रेगरी रिफ्टच्या दक्षिण केनियातील भागातले सर्वांत खोलगट खोरे आहे. पाणी चहूबाजूंनी आत येते, पण बाहेर जायला वाट नाही. पाऊस थोडा आणि बाष्पीभवन प्रचंड. भोवतालच्या लाव्हा खडकांत सोडियम भरपूर आणि कॅल्शियम कमी असल्याने त्यांतून झिरपणारे पाणी सोडियम कार्बोनेटने भारलेले असते. हे पाणी जमिनीखाली तापून सरोवराच्या काठावरील उष्ण झऱ्यांतून वर येते आणि आटता आटता 'ट्रोना' या सोडाक्षाराचे थर मागे ठेवते. काही ठिकाणी या थरांची जाडी ४० मीटरपर्यंत आहे. काच आणि साबण यांसाठी लागणारा सोडा येथे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून काढला जातो. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून हा उद्योग मुंबईस्थित टाटा केमिकल्सच्या समूहात आहे.

याच दरीतील नैवाशा आणि बारिंगो या सरोवरांनाही दिसेल असा निर्गम नाही, तरी त्यांचे पाणी गोडे आहे. क्षार साचण्यापूर्वीच त्यांचे पाणी सच्छिद्र ज्वालामुखी खडकांतून भूमिगत वाटांनी निघून जाते. एकाच दरीत शेजारीशेजारी गोडी आणि खारी सरोवरे असण्याचे कारण असे जमिनीखाली आहे.

मगाडीच्या वाटेवर ओलोर्गेसाइली येथे १९१९ च्या या प्रवासात ग्रेगरी यांना पाषाणयुगीन हातकुऱ्हाडी आढळल्या. एका लुप्त सरोवराच्या काठी आदिमानवाने ही हत्यारे टाकली होती. १९४० च्या दशकात लुई आणि मेरी लीकी यांनी तेथे मोठे संशोधन केले आणि हे स्थळ जगप्रसिद्ध झाले. दोन्ही प्रवासांतील निरीक्षणे एकत्र करून ग्रेगरी यांनी १९२१ मध्ये 'द रिफ्ट व्हॅलीज अँड जिऑलॉजी ऑफ ईस्ट आफ्रिका' हा ग्रंथ सिद्ध केला.

खंडवहनाविषयीचे मत आणि वाद

ग्रेगरी यांच्या मतांना त्यांच्या हयातीतच आव्हान मिळाले. दरी ताणामुळे फाटली, असे ग्रेगरी म्हणत. युगांडातील भूशास्त्रज्ञ ई. जे. वेलँड आणि अमेरिकेचे बेली विलिस यांच्या मते दरीच्या दोन्ही बाजूंचे भूखंड दाबामुळे एकमेकांकडे ढकलले जाऊन मधल्या पट्ट्यावर चढले होते. १९३६ मध्ये एडवर्ड बुलर्ड यांनी गुरुत्वाकर्षणाच्या मोजणीवरून दाबाच्याच बाजूने कौल दिला. ग्रेगरी तोवर हयात नव्हते. काही काळ त्यांचे मत मागे पडले.

दुसरा प्रश्न अधिक मूलभूत होता. हा ताण आला कोठून? जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ पासून खंडवहनाचा सिद्धांत मांडला होता. पूर्व आफ्रिकेतील खचदऱ्या म्हणजे खंड फुटण्याची पहिली पायरी आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ग्रेगरी यांना हे मान्य नव्हते. खंडे आपापल्या जागीच असतात आणि महासागर हे खचलेल्या भूमीवर तयार होतात, अशी त्यांची धारणा होती. हिंदी महासागराच्या जागी असलेली भूमी खचली आणि तिच्या ओढीने आफ्रिकेच्या कडेला ताण पडला, असे त्यांना वाटे. लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीचे अध्यक्ष असताना (१९२८–३०) दिलेल्या व्याख्यानांतही त्यांनी अटलांटिक व पॅसिफिक महासागरांच्या इतिहासाची मांडणी याच धारणेने केली. ज्याने जमिनीचे खचणे डोळ्यांनी पाहिले होते, त्याला पृथ्वीवरील प्रत्येक मोठ्या खोलगटाचे कारण खचण्यातच दिसले.

वंशविषयक विचार

आयुष्याच्या उत्तरार्धात ग्रेगरी यांनी मानवी स्थलांतर आणि वंश या विषयांवरही लेखन केले. 'द मेनेस ऑफ कलर' (१९२५) या पुस्तकात त्यांनी वेगवेगळ्या वंशांच्या लोकांनी मिसळू नये, त्यांनी स्वतंत्र प्रदेशांत राहावे, असा पुरस्कार केला. त्या काळातील साम्राज्यवादी विचारसरणीचा यावर ठसा आहे. या लेखनाला शास्त्रीय आधार नव्हता आणि आजच्या आनुवंशशास्त्राने असे विचार पूर्णपणे नाकारले आहेत. आफ्रिकी हमालांच्या सोबतीने ज्याचे सर्वांत मोठे काम पार पडले, त्याच शास्त्रज्ञाने हे लिहावे, ही विसंगती त्यांच्या चरित्रात कायम राहते.

मृत्यू

निवृत्तीनंतर अँडीज पर्वतातील ज्वालामुखी व भूकंप क्षेत्रांचा अभ्यास करण्यासाठी ग्रेगरी १९३२ मध्ये पेरूला गेले. उरुबांबा नदीच्या अरुंद, खळाळत्या घळीतून जात असताना २ जून रोजी त्यांची होडी उलटली व ते बुडून मरण पावले. त्या वेळी ते ६८ वर्षांचे होते.

नंतरचे संशोधन

१९६० च्या दशकात सागरतळाच्या अभ्यासातून भूपट्टांचा सिद्धांत पुढे आला आणि खचदऱ्यांकडे पाहण्याची दृष्टी बदलली. पूर्व आफ्रिकेत आफ्रिका खंडाचे दोन भाग, न्यूबियन आणि सोमाली भूपट्ट, वर्षाला काही मिलिमीटर या गतीने एकमेकांपासून दूर जात आहेत. म्हणजे दरी ताणानेच फाटली, हे ग्रेगरी यांचे म्हणणे खरे ठरले आणि दाबाचा पक्ष मागे पडला. ताण ज्या कारणाने येतो ते कारण मात्र त्यांनी नाकारलेलेच निघाले.

याचे सर्वांत ठळक दर्शन झ्यूस आणि ग्रेगरी यांनी रेखाटलेल्या साखळीच्या मध्यावर, इथिओपिया, एरिट्रिया आणि जिबूती यांच्या सीमेवरील अफार प्रदेशात होते. येथे न्यूबियन, सोमाली आणि अरबी असे तीन भूपट्ट एकमेकांपासून अलग होतात. अफारमधील दानाकिल खोरे समुद्रसपाटीपासून १०० मीटरपेक्षा अधिक खाली आहे. जिबूतीतील असाल सरोवराचा काठ तर सुमारे १५५ मी. खाली असून तो आफ्रिकेतील सर्वांत सखल भूभाग आहे. तांबड्या समुद्राचे पाणी पूर्वी वेळोवेळी दानाकिलमध्ये शिरले आणि आटले. त्यातून साचलेल्या मिठाच्या थरांची जाडी एक किलोमीटरहून अधिक आहे. मगाडीचा सोडा ज्वालामुखी खडकांतून आला, तर दानाकिलचे मीठ मुख्यतः समुद्रातून आले. खोरी सारखी दिसली तरी त्यांतील क्षारांचे मूळ वेगळे आहे. सप्टेंबर २००५ मध्ये अफारमधील दब्बाहू येथे काही दिवसांतच सुमारे ६० किमी लांबीच्या पट्ट्यात जमिनीखाली लाव्हारस घुसला आणि काही ठिकाणी भूकवच ८ मीटरपर्यंत फाकले. जमीन फाटून तिच्या जागी महासागराचा तळ तयार होण्याची ही क्रिया शास्त्रज्ञांनी उपकरणांच्या साहाय्याने नोंदवली.

ग्रेगरी यांच्या आणखी काही मतांत दुरुस्ती झाली आहे. केनियातील काही लाव्हा त्यांनी क्रिटेशस काळातील मानले होते. किरणोत्सारी कालमापनाने ते त्यापेक्षा पुष्कळ अलीकडचे, मायोसीन काळातील ठरले. मृत समुद्राची दरी त्यांनी याच साखळीत धरली होती. तेथे दोन भूपट्ट दूर न जाता मुख्यतः एकमेकांना घासून बाजूला सरकतात, असे आज मानले जाते. मात्र त्यांनी कड्यांवर आणि तळावर नोंदवलेले खडकांचे थर, सरोवरांच्या जुन्या पातळ्या आणि प्रस्तरभंगांचे नकाशे यांवरच पुढील पिढ्यांच्या सर्वेक्षणाची उभारणी झाली.

सन्मान आणि स्मृती

ग्रेगरी यांना लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीचे बिग्जबी पदक (१९०५) आणि रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीचे व्हिक्टोरिया पदक (१९१९) मिळाले. ग्रेगरी रिफ्टखेरीज माउंट केनियावरील एका हिमनदीलाही त्यांचे नाव देण्यात आले.

'ग्रेगरीआइट' या खनिजालाही त्यांचेच नाव आहे. टांझानियातील नेट्रॉन सरोवराजवळच्या ऑल डोइन्यो लेंगाई या ज्वालामुखीतून सोडियम कार्बोनेटयुक्त लाव्हा बाहेर पडतो. मासाई भाषेत या नावाचा अर्थ देवाचा पर्वत असा आहे. नेहमीचा बेसाल्ट लाव्हा हजार अंशांहून अधिक तप्त असतो. हा मात्र ५०० ते ६०० अंश सेल्सिअस तापमानालाच वाहतो, बाहेर पडताना काळपट असतो आणि हवेतील ओलाव्याने थोड्याच काळात पांढरा पडतो. त्यात आढळणाऱ्या प्रमुख खनिजांपैकी एक म्हणजे ग्रेगरीआइट.

ग्रंथसंपदा

द ग्रेट रिफ्ट व्हॅली (१८९६)
द फाउंडेशन ऑफ ब्रिटिश ईस्ट आफ्रिका (१९०१)
द डेड हार्ट ऑफ ऑस्ट्रेलिया (१९०६)
द मेकिंग ऑफ द अर्थ (१९१२)
द नेचर अँड ओरिजिन ऑफ फिऑर्ड्स (१९१३)
द रिफ्ट व्हॅलीज अँड जिऑलॉजी ऑफ ईस्ट आफ्रिका (१९२१)
टू द आल्प्स ऑफ चायनीज तिबेट (१९२३, मुलासह)
द मेनेस ऑफ कलर (१९२५)